दूरसंचार विभाग : चार दशकांची वाटचाल

१९८५च्या जानेवारीत डाक-तार खात्याची दोन खाती झाली. पत्रे, पार्सले, मनीऑर्डरी आणि बचत बँक डाक विभागाकडे राहिली. तार, टेलिफोन, टेलेक्स आणि बिनतारी संदेशवहन नव्या दूरसंचार विभागाच्या वाट्याला आले. तेव्हा देशात ३० लाखांच्या आसपास टेलिफोन होते आणि लोकसंख्या ७५ कोटींच्या घरात होती. वारशात आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे प्रतीक्षायादी. शहरात फोनसाठी अर्ज केला की वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जादा अनामत भरून ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत नाव घातले तरी नंबर लागेलच याची खात्री नसे.

आज देशातल्या दूरध्वनी जोडण्या १२० कोटींच्या आसपास आहेत आणि त्यांपैकी बहुतेक विभागाने स्वतः दिलेल्या नाहीत. तारा ओढायच्या, फोन बसवायचे, बिले पाठवायची आणि नियमही करायचे, अशी सगळी कामे पूर्वी हे एकच खाते करत असे. चाळीस वर्षांत त्याने त्यांतली बरीच कामे एकेक करून दुसऱ्यांच्या हाती दिली. धोरण, परवाने, स्पेक्ट्रम आणि जाळ्याची सुरक्षितता एवढे स्वतःकडे ठेवले. स्वतःचा पसारा आटोपता घेऊन सेवेचा पसारा वाढवणारी सरकारी खाती फार नाहीत. म्हणून हा इतिहास लिहिताना मंत्रालयातल्या निर्णयांइतकीच खांबावर चढणाऱ्या माणसांची आठवण ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

पूर्वपीठिका : १९८४पर्यंत

विभाग चाळीस वर्षांचा असला तरी त्याचे घराणे बरेच जुने आहे. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली प्रायोगिक तार १८५०-५१ मध्ये पडली. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे डॉ. विल्यम ओशॉनेसी हे या कामाचे सूत्रधार. १८५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडली गेली. जानेवारी १८८२मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्सचेंजे सुरू झाली, ती खासगी कंपन्यांची. सरकारने मोठ्या शहरांतली ही सेवा १९४३मध्ये आपल्या ताब्यात घेतली. १८८५चा भारतीय तार कायदा तर पुढे १३८ वर्षे देशाच्या संदेशवहनाचा पाया राहिला.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात सुमारे ८० हजार टेलिफोन होते. यंत्रे परदेशातून येत. ती परिस्थिती बदलण्यासाठी १९४८मध्ये बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली, पाठोपाठ रूपनारायणपूरला हिंदुस्थान केबल्स. १९६०मध्ये लखनौ–कानपूर मार्गावर देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. १९७१मध्ये पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. आपल्या जुन्नर-नारायणगावच्या माळावरची ती भली मोठी तबकडी अनेकांना आठवत असेल. परदेशी बोलण्याचा बराचसा भार तेव्हा तिच्यावर होता.

तरीही सर्वसामान्य माणसाचा टेलिफोन म्हणजे ट्रंक कॉल. १८० फिरवून कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे. पीपी कॉल असेल तर कोणाशी बोलायचे त्याचे नाव द्यायचे. मग फोनजवळून हलायचे नाही. इकडे ट्रंक बोर्डावर ऑपरेटर एका कानाने तुमचे बोलणे आणि दुसऱ्या कानाने पलीकडच्या गावचे एक्सचेंज सांभाळत असे. समोर चिठ्ठ्यांची चवड, हातात कॉर्ड, पुढच्या गावची लाइन धरून ठेवलेली. मध्येच लाइन कापली गेली तर पुन्हा पहिल्यापासून. तीन मिनिटे भरली की ‘वेळ संपली, वाढवायची का?’ हे विचारण्याचे कामही तिचेच. रात्रपाळीला या बोर्डावर बसलेल्या भगिनींनी किती बाळंतपणांसाठी डॉक्टर शोधून दिले आणि किती घरांपर्यंत मृत्यूची बातमी हळुवारपणे पोहोचवली, याची नोंद कुठल्याही अहवालात नाही. पुढच्या सगळ्या यंत्रांआधी या विभागाची खरी स्विच ती होती.

पहिले दशक : १९८५ ते १९९४

नव्या विभागाची पहिली दहा वर्षे आमच्या मते सर्वांत भरीव. १ एप्रिल १९८६ रोजी दिल्ली आणि मुंबईची सेवा महानगर टेलिफोन निगमकडे गेली. परदेशी सेवेसाठी विदेश संचार निगम स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय मुंबईत राहिले. बाकी देश विभागाकडेच होता, म्हणजे डोंगर, वाळवंट, बेटे आणि लाखो खेडी.

खेड्यात एक्सचेंज का टिकत नाही, हा प्रश्न जुनाच होता. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागे, अखंड वीज लागे. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही दोन्हींची खात्री नव्हती. शिवाय ती यंत्रे घराघरांत फोन असलेल्या देशांसाठी घडवलेली. तिकडे एकेका फोनचा वापर थोडा, आपल्याकडे एका फोनवर सगळी आळी बोलणार. ऑगस्ट १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये एवढ्यात स्वदेशी डिजिटल स्विच तयार करायची, असे उद्दिष्ट होते. सॅम पित्रोदा या मोहिमेची प्रेरणा होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले डॉ. एम. व्ही. पिटके आणि डाक-तार खात्याच्या संशोधन केंद्राची परंपरा घेऊन आलेले जी. बी. मीमांसी हे तिचे आधारस्तंभ. त्यांच्याभोवती नुकतेच पदवी घेतलेले शेकडो तरुण अभियंते होते. सरासरी वय पंचविशीच्या आगेमागे असलेल्या त्या पोरांनी दिल्ली आणि बंगळुरूच्या कार्यालयांत रात्रंदिवस काम केले.

त्यातून १२८ पोर्टचे ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज आले. खात्यात त्याला सगळे ‘रॅक्स’ म्हणत. कपाटाएवढे यंत्र, वातानुकूलन नाही, बॅटरीवर चालणारे, धूळ आणि उन्हाळा सोसणारे. पहिले रॅक्स १९८६मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसले. पुढे अनेक कारखान्यांना तंत्रज्ञान देऊन ही यंत्रे हजारोंनी तयार झाली. महाराष्ट्रातही ग्रामपंचायतीच्या खोलीत, कुठे भाड्याच्या घराच्या ओसरीवर अशी एक्सचेंजे लागली. खेडेगावात टेलिफोन टिकतो, हे रॅक्सने सिद्ध केले. पुढच्या काळात आलेल्या मोबाइलच्या झगमगाटात या कामगिरीकडे थोडे दुर्लक्ष झाले, याची आम्हाला खंत वाटते.

१९८९मध्ये दूरसंचार आयोग स्थापन झाला आणि निर्णय वेगाने होऊ लागले. त्याच सुमारास रस्त्यारस्त्यांवर एसटीडी–आयएसडी–पीसीओचे पिवळे फलक दिसू लागले. हे बूथ देताना अपंग, बेरोजगार तरुण, युद्धविधवा यांना प्राधान्य देण्याचे धोरण होते. रात्री अकरानंतर पाव दर लागत असल्यामुळे त्या वेळी बूथसमोर रांग लागे. मुंबईत गिरणीत किंवा गोदीत काम करणारा माणूस कोकणात, घाटावर, उत्तर प्रदेशात घरच्यांशी बोलायला तिथे उभा राहत असे. ज्याच्या नावावर कधी फोन नव्हता, अशा माणसाला टेलिफोन मिळाला तो या बूथवर, मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी.

याच दशकात बाहेरच्या कामाचा ताणही सर्वाधिक होता. कागदाच्या आवरणाची जुनी केबल पावसाळ्यात पाणी प्यायली की शेकडो फोन एका दिवसात डेड. मग रस्त्यात खड्डा, त्यावर ताडपत्रीचा तंबू आणि आत केबल जॉइंटर. एकेक जोडी ओळखायची, सुकवायची, जोडायची. वर वाहतूक, खाली गुडघाभर चिखल. पुढे जेली भरलेली केबल आली आणि निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हा रंगांचा क्रम प्रत्येक मेकॅनिकला अंधारातही पाठ असे. एक्सचेंजमधल्या एमडीएफच्या चौकटीपासून रस्त्यावरचा पिलर, पिलरपासून डीपीची पेटी आणि डीपीपासून ग्राहकाच्या भिंतीपर्यंत लाइन तपासत जाणारा लाइनमन हाच लोकांच्या लेखी विभाग होता. १९८वर नोंदवलेली तक्रार शेवटी त्याच्याच सायकलवर पोहोचायची.

मे १९९४मध्ये राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले. देशात तेव्हा सुमारे ८० लाख लाइन आणि २५ लाखांची प्रतीक्षायादी होती. दर शंभर माणसांमागे एकही टेलिफोन पुरा होत नव्हता. मागेल त्याला फोन आणि प्रत्येक गावात फोन हे ध्येय एकट्या सरकारी पैशाने गाठता येणार नाही, हे त्या धोरणाने मान्य केले आणि खासगी कंपन्यांना दार उघडले. स्वतःची मक्तेदारी सोडण्याचा कागद खात्यानेच तयार केला, ही बाब आम्हाला मोठी वाटते.

दुसरे दशक : १९९५ ते २००४

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दळणवळण मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. दोन्ही सेवा तेव्हा महाग होत्या. मोबाइलवर गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे लागत, आणि आलेला कॉल घेण्याचेही पैसे पडत.

खासगी कंपन्या आल्यावर खाते एकाच वेळी खेळाडू, पंच आणि मैदानाचा मालक राहू शकत नव्हते. १९९७मध्ये ट्राय हे नियामक प्राधिकरण झाले. २०००मध्ये तंट्यांसाठी टीडीसॅट हे स्वतंत्र न्यायाधिकरण आले. सुरुवातीला ठरलेले परवाना शुल्क कंपन्यांना झेपेना, तेव्हा १९९९च्या नव्या धोरणाने ठरावीक रकमेऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली. हा निर्णय झाला नसता तर मोबाइल अजून बराच काळ श्रीमंतांच्याच खिशात राहिला असता.

१ ऑक्टोबर २००० रोजी विभागाने आपली सेवा भारत संचार निगमच्या स्वाधीन केली. साडेतीन लाखांहून अधिक कर्मचारी एका दिवसात सरकारी खात्यातून कंपनीत गेले. नोकरीच्या आणि पेन्शनच्या चिंतेने त्या काळात बरीच अस्वस्थता होती. संघटनांनी आग्रहाने आणि संयमाने बाजू मांडली, प्रशासनाने ती ऐकली आणि निवृत्तिवेतन नियमांत ३७-अ हा नियम येऊन सरकारने पेन्शनची हमी दिली. आज निवृत्त असलेली सगळी मंडळी त्या नियमाचे नाव आदराने घेतात.

डिजिटल धोरणाचा दुसरा प्रवाह याच सुमारास आपल्या प्रवाहाला येऊन मिळाला. १९७०चा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, १९७६चे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि त्याचे निकनेट, १९८६पासूनचे अर्नेट हे जाळे, १९८८मध्ये पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले सी-डॅक हे सगळे टेलिफोनपासून दूर वाढले होते. संगणकावर मराठी उमटावी यासाठी सी-डॅकच्या जिस्ट गटाने केलेले काम तर आपल्या प्रत्येक कचेरीने वापरले आहे. २०००मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा आला. नंतर दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञान ही दोन खाती अनेक वर्षे एकाच मंत्रालयाच्या छपराखाली नांदली आणि जुलै २०१६मध्ये पुन्हा वेगळी झाली.

नफ्याच्या नसलेल्या भागाचे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून २००२मध्ये सार्वत्रिक सेवा दायित्व निधी आला. कंपन्यांच्या उत्पन्नाचे ५ टक्के त्यात जमा होऊ लागले. नव्वदच्या दशकात गावोगावी बसवलेले रेडिओवरचे सार्वजनिक फोन फारसे टिकले नव्हते. सौर पॅनेल आणि अँटेना उरल्या, आवाज येईना. या निधीतून ते फोन बदलण्यात आले. १ मे २००३पासून येणारे कॉल मोफत झाले आणि भाजीवाले, रिक्षावाले, मोलकरणी यांच्या हाती मोबाइल दिसू लागला.

तिसरे दशक : २००५ ते २०१४

हे वाढीचे दशक. मार्च २००६मध्ये सरकारी कंपन्यांनी ‘वन इंडिया’ योजना आणली आणि देशात कुठेही मिनिटाला १ रुपयात बोलता येऊ लागले. ट्रंक कॉलचे दिवस पाहिलेल्यांसाठी ही क्रांतीच होती. २०११च्या जानेवारीत नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर मिळाली.

स्पेक्ट्रमच्या वाटपावरून याच काळात देशभर चर्चा झाली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. त्या वादाचा तपशील अन्यत्र पुष्कळ उपलब्ध आहे. विभागासाठी त्यातून निघालेली गोष्ट अशी की त्यानंतर लहरींचे वाटप खुल्या लिलावाने करण्याची शिस्त पक्की झाली. त्याआधी २०१०मध्ये ३जीचा लिलाव ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला होता. ती पद्धत चालवून दाखवणारे अधिकारी विभागातलेच होते. वायरलेस प्लॅनिंग शाखेतल्या मंडळींचे काम एरवी कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून त्यांचा येथे मुद्दाम उल्लेख करतो.

ऑक्टोबर २०११मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. १४ जुलै २०१३ रोजी देशातली शेवटची तार स्वीकारली गेली. त्या दिवशी तार कार्यालयांत आठवणीसाठी तार पाठवणाऱ्यांची गर्दी झाली होती. तारवाल्यांच्या अनेक पिढ्यांची सेवा तिथे संपली.

चौथे दशक : २०१५ ते २०२४

सप्टेंबर २०१६मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि बोलण्याचा हिशेब मागे पडून डेटाचा हिशेब पुढे आला. त्याच वर्षी ट्रायने डेटाच्या दरांत भेदभाव करण्यास मनाई केली आणि २०१८मध्ये विभागाने इंटरनेटवर सर्व मजकुराला समान वागणूक हे तत्त्व मान्य केले. जगात अनेक ठिकाणी जे डळमळते राहिले, ते आपल्याकडे स्पष्टपणे ठरले. २०१८च्याच राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने दूरसंचार आयोगाचे नावही डिजिटल संचार आयोग असे केले.

३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेऊन भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार आणि महानगर टेलिफोन निगमचे १४ हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी घरी गेले. कित्येक एक्सचेंजांत दुसऱ्या दिवशी टेबले रिकामी होती. राहिलेल्यांनी दुप्पट भार उचलला आणि दोन महिन्यांत टाळेबंदी आली. घरून काम, ऑनलाइन शाळा, डॉक्टरांचा सल्ला सगळे एकाच जाळ्यावर आले. विभागाने मार्चमध्येच कॉल सेंटर आणि माहिती सेवा उद्योगांसाठीच्या अटी शिथिल केल्या. त्यामुळे पुणे, मुंबई, बंगळुरूची कार्यालये बंद असूनही काम चालू राहिले. टॉवर आणि केबलच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर असलेल्या माणसांबद्दल तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती उणीव येथे कृतज्ञतेने भरून काढतो.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवा सुरू झाली. डिसेंबर २०२३मध्ये संसदेने दूरसंचार कायदा मंजूर केला आणि २६ जून २०२४पासून त्याची काही कलमे लागू झाली. १८८५च्या तार कायद्याचा काळ त्याबरोबर सरत आला. सार्वत्रिक सेवा निधी आता डिजिटल भारत निधी झाला आहे.

सध्याचे कार्य

आज विभागाकडे येणाऱ्या तक्रारींचे रूप बदलले आहे. फोन लागत नाही यापेक्षा नको त्या माणसाचा फोन येतो, ही तक्रार मोठी. मे २०२३मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’वर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहता येते, हरवलेला हँडसेट बंद करता येतो आणि संशयास्पद कॉल कळवता येतो. चोरीचे फोन रोखणाऱ्या केंद्रीय नोंदवहीची सुरुवात सप्टेंबर २०१९मध्ये महाराष्ट्रातून झाली, हे येथे नमूद करायला हवे. या यंत्रणेच्या मागे सी-डॉटचेच अभियंते आहेत. आपत्तीची सूचना एका भागातल्या सर्व मोबाइलवर एकदम पाठवण्याची प्रणालीही त्यांचीच.

जाळे न पोहोचलेल्या गावांचे काम चालू आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये पाच राज्यांतल्या आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांसाठी ४जीची योजना मंजूर झाली. त्यात महाराष्ट्रही आहे. जुलै २०२२मध्ये देशभरातल्या २४,६८० गावांसाठी आणखी एक योजना आली. टॉवरची जागा, वनखात्याची परवानगी, पावसाळ्यात वाहून जाणारे रस्ते आणि वीज अशा चार अडचणी ओलांडूनच अशा गावी सिग्नल पोहोचतो.

ग्रामपंचायतींपर्यंत गेलेल्या फायबरची देखभाल हे दुसरे मोठे काम. नळपाणी योजनेचा किंवा रस्त्याचा जेसीबी लागला की केबल तुटते आणि पंचायतीतले दाखले थांबतात. मार्च २०२३पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप त्यासाठी उपलब्ध आहे. खोदकाम करणाऱ्याने त्यावर जागा कळवली की तिथून ज्यांच्या केबल, नळ किंवा गॅसवाहिन्या जातात त्यांना आधी सूचना मिळते. ठेकेदार, ग्रामसेवक आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचे कनिष्ठ अभियंते यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचवण्याचे काम क्षेत्रीय कार्यालये करत आहेत. स्मरणिकेच्या वाचकांनी आपापल्या गावी त्यात हातभार लावावा, अशी विनंती आहे.